दिव्याच्या मागचा अंधार

मित्रांनो, मथळा वाचून हा लेख अध्यात्मावर आहे असं समजून कुणी पान उलटू नका. हा लेख मारुती ८०० च्या हेडलाइटवर आहे. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे, ज्यांचे वडील, काका किंवा मामा रात्री ती चालवतात आणि "आता पूर्वीसारखं दिसत नाही रे" असं म्हणतात, त्यांच्यासाठी तो खास लिहिला आहे. स्टाफमधल्या सरांनाही उपयोग होईल, कारण पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या निम्म्या गाड्यांचे दिवे मी जाता-येता पाहिलेले आहेत!

आमच्या घरची ८०० ही २००३ सालची. नंबर एमएच-१७, म्हणजे श्रीरामपूर पासिंग. डिसेंबर १९८३ मध्ये हे मॉडेल बाजारात आलं आणि जानेवारी २०१४ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. आमच्या गाडीचं १५ वर्षांनंतर पुन्हा पासिंग झालं, त्यानंतर आणखी एकदा झालं, आणि इंजिन अजून एका स्टार्टरमध्ये उठतं. अण्णा (माझे वडील) तिला विकायला तयार नाहीत. गाव कोल्हारजवळ, त्यामुळे नगर-मनमाड रोड हाच आमचा रोजचा रस्ता. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं असलं तरी तोंडात अजून 'नगर'च येतं, तेव्हा लेखातही तेच येईल, सांभाळून घ्या.

त्या रात्री काय झालं

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. नगरला दवाखान्यात आजीला भेटून अण्णा आणि मी रात्री साडेनऊला परत निघालो होतो. विळद घाट उतरलो, कृषी विद्यापीठ मागे गेलं, राहुरी ओलांडली. समोरून एक गाडी आली, तिचे दिवे इतके पांढरे की अण्णांनी डोळ्यांवर हात धरला. ती गाडी गेली आणि पुढे काळोख. मी "अण्णा, ब्रेक!" असं ओरडलो तेव्हा त्यांचा पाय ब्रेकवर पडलेलाच होता. उसाची ट्रॉली रस्त्याच्या कडेला पंक्चर होऊन उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, फक्त चार दगड मांडलेले. गाडी थांबली तेव्हा लोंबणाऱ्या उसाची वाढी आमच्या बॉनेटला लागत होती.

दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग अण्णा म्हणाले, "मला ती दिसलीच नाही. तू नसतास तर...". पुढचं ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

आता यात चूक कुणाची? ट्रॉलीवाल्याची होती, समोरच्या गाडीवाल्याची होती. पण आमची काही होती की नाही, हा प्रश्न घेऊन मी सुट्टी संपवून हॉस्टेलवर आलो. या लेखात लिहिलंय ते त्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

पहिला उपाय : वॉट वाढवा

मी हॉस्टेलवर असताना अण्णांनी त्यांच्या पद्धतीने इलाज केला. स्पेअर पार्टच्या दुकानात गेले, "जास्त उजेडाचा बल्ब द्या" म्हणाले, आणि दुकानदाराने १००/९० वॉटचे दोन बल्ब दिले. आपल्या गाडीतला मूळ बल्ब एच-४ जातीचा, ६०/५५ वॉटचा. म्हणजे एकाच काचेत दोन फिलामेंट, अप्परला ६० आणि डिपरला ५५. अण्णांचा हिशेब सरळ होता : ५५ चे ९० झाले, उजेडही तेवढाच वाढणार.

महिनाभर "थोडा फरक आहे" असं ते फोनवर सांगत होते. दुसऱ्या महिन्यात बॉनेटमधून जळका वास यायला लागला. मी घरी गेल्यावर होल्डर काढून पाहिला तर प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं आणि एक पिन त्यातच चिकटलेली. अजून आठवडा गेला असता तर आग लागायला वेळ लागला नसता.

असं का झालं, हे बारावीच्या फिजिक्सनेच सांगता येतं. ५५ वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर साधारण ९ अँपिअर घेतात. ९० वॉटचे दोन घेतात १५ अँपिअर. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे १५ भागिले ९, त्याचा वर्ग, जवळजवळ पावणेतीन पट. गाडीची वायर, स्विच आणि होल्डर हे ९ अँपिअरच्या हिशेबाने केलेले, आणि तेही वीस वर्षं जुने. बल्ब बदलताना या तिघांना कुणी विचारलंच नव्हतं.

दुसरा उपाय : आधी मोजा

मेकॅनिकलचा असलो तरी मल्टिमीटर हॉस्टेलमधल्या इलेक्ट्रिकलच्या मित्राकडून उसना मिळाला. (परत केलाय, विचारू नये.) गाडीला पुन्हा ६०/५५ चे चांगल्या कंपनीचे नवे बल्ब आणि नवे होल्डर लावले, इंजिन चालू ठेवलं, डिपर लावला आणि मोजायला बसलो.

बॅटरीच्या टर्मिनलवर १३.८ व्होल्ट. ठीक. आता बल्बच्या पाठीमागे, होल्डरच्या दोन पिनांवर ११.९ व्होल्ट.

म्हणजे बॅटरीपासून निघालेल्या वीजदाबापैकी १.९ व्होल्ट वाटेतच गायब. १.९ भागिले ९ अँपिअर म्हणजे सुमारे ०.२ ओहमचा रोध. आकडा किती छोटा दिसतो! लॅबमध्ये एवढा रोध आपण सहज सोडून देतो. पण हेडलाइटला तो सोडत नाही, कारण हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. तो साधारण ३.४ व्या घाताने वाढतो. एच-४ बल्बचा उजेड मोजतात तो १३.२ व्होल्टवर, आणि तिथे तो अप्परला सुमारे १६५० आणि डिपरला १००० ल्युमेन असतो. ११.९ भागिले १३.२ म्हणजे ०.९. त्याचा ३.४ वा घात ०.७. व्होल्टेज फक्त १० टक्के कमी, पण उजेड ३० टक्के कमी! शिवाय फिलामेंट कमी तापल्यामुळे उजेड पिवळा पडतो तो वेगळाच.

अण्णांच्या १००/९० चं गणितही मग कळलं. त्याच ०.२ ओहममधून १५ अँपिअर न्यायचे म्हणजे ३ व्होल्ट वाटेत पडणार. जास्त पैसे देऊन आणलेली वीज वायर आणि होल्डर तापवण्यातच खर्च होत होती. दिव्याखाली अंधार ही म्हण आपल्याला ठाऊक आहे. इथे अंधार दिव्याच्या मागे, वायरमध्ये होता.

रिले म्हणजे काय आणि मी कुठे फसलो

जुन्या बऱ्याच गाड्यांमध्ये हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीतून निघून डॅशबोर्डखालून स्टीअरिंगजवळच्या स्विचपर्यंत जातो आणि मग परत पुढे येतो. लांब बारीक वायर, अर्धा डझन कपलर आणि झिजलेला स्विच. यावर उपाय जुनाच आहे, तो म्हणजे रिले. रिले म्हणजे एक छोटी कॉइल आणि तिने ओढला जाणारा जाड कॉन्टॅक्ट. कॉइलला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही. तेव्हा जुन्या वायरी आणि स्विच यांनी फक्त कॉइलला हुकूम द्यायचा, आणि बल्बचा खरा करंट बॅटरीतून जाड वायरने, फ्यूजमधून, रिलेमधून थेट बल्बला द्यायचा. तालुक्याचा साहेब फाइलवर सही करतो, पोती हमाल उचलतात, तसंच हे.

सामान असं : चार पिनांचे दोन रिले (एक डिपरला, एक अप्परला), १५ अँपिअरचे दोन फ्यूज होल्डरसकट, २.५ चौरस मिलिमीटरची वायर, सिरॅमिकचे दोन होल्डर, आणि थिंबल. फ्यूज दोन वेगळे ठेवायचे, म्हणजे एक उडाला तरी गाडी पूर्ण अंधारात जात नाही. फ्यूज बॅटरीच्या जितक्या जवळ तितकं चांगलं, कारण त्याच्या अलीकडची वायर घासून बॉडीला लागली तर तिला वाचवणारं कुणी नाही. सगळं मिळून बाराशेच्या आत बसलं.

रिलेच्या पायांवर आकडे छापलेले असतात. ३० म्हणजे बॅटरीकडून, ८७ म्हणजे बल्बकडे, ८५ आणि ८६ म्हणजे कॉइलची दोन टोकं. मी सीनियरकडच्या वहीतली आकृती समोर ठेवून जोडलं : कॉइलचं एक टोक जुन्या डिपरच्या वायरला, दुसरं गाडीच्या बॉडीला, म्हणजे अर्थला. स्विच लावला. 'टिक' आवाज यायला पाहिजे होता. आला नाही. रिले बदलून पाहिला. तरी नाही. अर्थचा बोल्ट घासला. तरी नाही. अण्णा खुर्ची टाकून बसले होते, ते म्हणाले, "इंजिनिअर, चहा घे आधी."

हरून हॉस्टेलवर आलो आणि मशीन्स लॅबच्या सरांना आकृती दाखवली. सरांनी आकृती न बघता एकच प्रश्न विचारला, "तुझ्या गाडीत स्विच बल्बच्या अलीकडे आहे का पलीकडे?"

मी म्हटलं, "सर, म्हणजे?"

सर म्हणाले, "बॅटरीच्या धन बाजूला आहे का ऋण बाजूला? मोजलंस तेव्हा कुठल्या बाजूला किती व्होल्ट पडले ते लिहिलंयस ना? मग तेच बघ."

वही उघडली. बॅटरीच्या धन टर्मिनलपासून बल्बपर्यंत ०.६ व्होल्ट पडत होते. बल्बपासून बॅटरीच्या ऋण टर्मिनलपर्यंत १.३. तेव्हा मी "अर्थ खराब आहे" एवढं म्हणून पुढे गेलो होतो. तीन पिनांपैकी कॉमन पिन कुठली आणि ती धन की ऋण, हे पाहिलंच नव्हतं. खरी गोष्ट अशी की आमच्या गाडीत बल्बच्या कॉमन पिनला धन दाब आधीच येतो आणि स्विच दुसऱ्या टोकाला अर्थ देतो. त्यामुळे जास्तीचे व्होल्ट 'अर्थ' बाजूला पडत होते, कारण झिजलेला स्विच त्याच वाटेवर होता. आणि माझ्या जोडणीत स्विच लावल्यावर कॉइलच्या दोन्ही टोकांना अर्थच मिळत होता. दोन्ही टोकं शून्यावर, मग टिक होणार कशी? उत्तर माझ्याच वहीत होतं, मी ते वाचलं नव्हतं. व्हायवाला असं झालं असतं तर सरांनी सोडलं नसतं, इथे मात्र हसून सोडलं.

सरांनी मग जी युक्ती सांगितली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्विच कुठल्या बाजूला आहे याची काळजीच नको : जुन्या कपलरच्या कॉमन आणि डिपर या दोन पिनांच्या मध्येच डिपरच्या रिलेची कॉइल जोडायची, आणि कॉमन आणि अप्परच्या मध्ये अप्परच्या रिलेची. जिथे आधी बल्ब होता तिथे आता कॉइल. बल्ब पेटायच्या वेळी कॉइल ओढली जाणारच, मग गाडी कुठल्याही पद्धतीची असो. साध्या कॉइलला धन-ऋण कळत नाही. (रिलेच्या आत डायोड असेल तर मात्र दिशा सांभाळावी लागते, तेव्हा बिनडायोडचा घ्यावा.) एका बाजूचा कपलर पुरतो, दुसऱ्या बाजूच्या कपलरला टेप गुंडाळून बांधून टाकायचं. नव्या होल्डरची कॉमन पिन जाड वायरने सरळ बॉडीला, रंग खरवडून, घट्ट बोल्टखाली.

पुढच्या रविवारी जोडलं. टिक. अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. मीटर लावला : बॅटरीवर १३.८, बल्बवर १३.४. आता १३.४ भागिले ११.९, त्याचा ३.४ वा घात करून पाहा. दीड येतो. तोच ५५ वॉटचा बल्ब, पण उजेड दीडपट.

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एक, पूर्ण व्होल्टेज मिळालं की बल्बचं आयुष्य कमी होतं. ५ टक्के व्होल्टेज वाढलं तर ते जवळपास निम्मं होतं. म्हणून एक जादा बल्ब गाडीत ठेवावा, आणि बसवताना त्याच्या काचेला बोट लावू नये, कारण बोटाचं तेल तापून काच तिथेच खराब होते. दोन, नव्या गाड्यांमध्ये रिले आधीच असतात आणि दिव्यांवर इलेक्ट्रॉनिक्सचा ताबा असतो. तिथे हा उद्योग करू नये. आधी मोजा, अर्ध्या व्होल्टच्या आत घट असेल तर हात लावायचं कारणच नाही.

भिंतीने सांगितलेलं सत्य

उजेड वाढला, आता दिशा. दिवे सेट करायला मशीन लागतं असं आपण समजतो, पण सपाट जमीन, एक भिंत आणि खडू एवढ्यात भागतं. टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या जागी माणूस बसलेला, आणि दिवे भिंतीपासून बरोबर ५ मीटर. जमिनीपासून दिव्याच्या मध्याची उंची मोजायची आणि भिंतीवर त्या उंचीला आडवी रेघ मारायची. तिच्या खाली ५ सेंटीमीटरवर दुसरी रेघ. डिपर लावल्यावर उजेडाची वरची कड या दुसऱ्या रेघेवर यायला हवी. ही झाली १ टक्का उतरण : ५ मीटरला ५ सेंटीमीटर. आपण डावीकडून चालतो म्हणून कड उजवीकडे सपाट असते आणि डावीकडे थोडी वर चढते. तिथून कडेचा माणूस, सायकल, बैलगाडी दिसते. दिव्याच्या मागे स्क्रू असतात, एक वर-खाली करायचा, एक डावा-उजवा.

आमच्या गाडीचं भिंतीवर काय दिसलं ते सांगतो. उजवा दिवा रेघेच्या १५ सेंटीमीटर खाली. म्हणजे उतरण ३ टक्के. दिव्याची उंची ६५ सेंटीमीटर धरली तर तो उजेड २२ मीटरवरच जमिनीत घुसत होता. आणि डावा दिवा? तो मधल्या रेघेच्याही ४ सेंटीमीटर वर! तो उजेड जमिनीला कधी टेकतच नव्हता. डिपर मारला तरी समोरच्याच्या डोळ्यात जात होता.

मी अण्णांकडे पाहिलं. त्या रात्री समोरच्या गाडीवाल्याला आम्ही दोघांनी मिळून ज्या शिव्या घातल्या होत्या, त्या दोघांनाही आठवल्या. कुणास ठाऊक, त्या वर्षात किती जणांनी त्याच शिव्या आम्हाला घातल्या असतील.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा नियम याचसाठी आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, उजवीकडे अर्धा मीटर, आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे त्याला तो दिवा दिपवता कामा नये, असं तो सांगतो. दीड मीटर उंचीचा डोळा म्हणजे कोण? रस्त्याने पायी चालणारं माणूस. आपल्या रोडवर रामनवमी आणि गुरुपौर्णिमेच्या आधी शिर्डीला पायी जाणारे साईभक्त रात्री चालतात. नियम त्यांच्यासाठीच लिहिल्यासारखा वाटतो.

"मग एलईडीच का नाही टाकत?"

हा रूममेटचा प्रश्न, आणि हॉस्टेलमधल्या प्रत्येकाचा. पांढराशुभ्र उजेड, कमी वॉट, पाच मिनिटांत बसतो. उत्तर बल्बच्या आत आहे. एच-४ च्या डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि किरण खाली वळतात. भिंतीवरची ती सरळ कड या वाटीमुळे येते. फिलामेंट मिलिमीटरच्या हिशेबाने ठरलेल्या जागी असतं आणि रिफ्लेक्टर व काचेवरच्या रेघा त्याच जागेसाठी आखलेल्या असतात.

त्या जागी झेनॉनचा किंवा एलईडीचा तुकडा घातला की उजेडाचा उगम हलतो, आकार बदलतो. भिंतीवर कड विस्कटते आणि उजेड वर उडतो. चालवणाऱ्याला गाडीसमोरचे १०-१५ मीटर लख्ख दिसतात म्हणून तो खूश, पण त्या लख्ख तुकड्यामुळे त्याच्या बाहुल्या आकसतात आणि लांबचं आणखी कमी दिसतं. समोरच्याचं काय होतं ते मी वर लिहिलंच आहे. १९९१ मध्ये झेनॉनचा दिवा पहिल्यांदा गाडीत आला तेव्हा तो त्याच्यासाठी बनवलेल्या पूर्ण दिव्यासकट आला, नुसता बल्ब म्हणून आला नाही. आजच्या गाड्यांतले एलईडी दिवेही तसेच, पूर्ण युनिट. एलईडी वाईट नाही, दुसऱ्याच्या घरात घुसलेला एलईडी वाईट.

कायद्याचंही पाहा. दिवा, बल्ब, रिफ्लेक्टर यांच्या चाचण्या होऊन मगच गाडीला मान्यता मिळते. नियम १२६ मध्ये ज्या मोजक्या संस्थांना वाहन तपासून दाखला द्यायचा अधिकार आहे त्यात पुण्याची एआरएआय आहे आणि आपल्या नगरची व्हीआरडीईसुद्धा आहे. म्हणजे जे काम आपल्याच गावात एवढ्या काटेकोरपणे होतं, ते आपण पाचशे रुपयांच्या बल्बने पुसून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. आम्ही दिवा तोच ठेवला, बल्बही मान्य असलेलाच ठेवला. फक्त त्याचा हक्काचा वीजदाब त्याला दिला.

आता शेवटचं गणित

इतकं करून अण्णा खुशीत होते. म्हणाले, "आता ऐंशीने जायला हरकत नाही." तेव्हा मी वहीचं शेवटचं पान त्यांच्यासमोर ठेवलं.

६५ सेंटीमीटर उंचीचा दिवा, १ टक्का उतरण. उजेडाची कड जमिनीला टेकते ६५ मीटरवर. गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेले. ब्रेक लागून थांबायला, चांगल्या कोरड्या रस्त्यावर, आणखी २३. एकूण ४८ मीटर. ६५ च्या आत बसलं. आता ताशी ८० घ्या. दीड सेकंदात ३३ मीटर, थांबायला ४१. एकूण ७४ मीटर. म्हणजे डिपरवर ८० ने चालणारा माणूस स्वतःच्या उजेडाच्या पुढे धावत असतो. ट्रॉली दिसेल तेव्हा फक्त ती दिसेल, थांबता येणार नाही.

यात डोळ्यांचाही हिशेब आहे. साठीच्या माणसाच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोहोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश असतो. आणि समोरचा दिवा डोळ्यात गेल्यावर नजर परत यायला नुसते तीन सेकंद धरले, तरी ६० च्या वेगाने गाडी ५० मीटर आंधळी जाते. अण्णा ५८ वर्षांचे आहेत. रिलेने वायर नवी झाली, डोळे नवे होत नाहीत. हे वाक्य मी तोंडाने बोललो नाही, नुसता आकडा दाखवला. अण्णांनी वही बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "साठ. आणि समोरून कुणी आलं की पन्नास." त्यानंतर ते तसंच चालवतात. आणि हो, काच! पुढची काच आतून ओल्या कापडाने पुसली तेव्हा कापड काळं झालं. हा सगळ्यात स्वस्त उपाय, आम्ही सगळ्यात शेवटी केला.

रामनवमीच्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने रात्री गेलो. बाभळेश्वरच्या अलीकडे कडेने वीस-पंचवीस पायी भक्त चालले होते, खांद्यावर पिशव्या. डावीकडे चढणाऱ्या त्या उजेडात ते लांबूनच दिसले. अण्णांनी वेग कमी केला. समोरून येणाऱ्या गाडीने अप्पर मारून आम्हाला काही खुणावलं नाही. गेल्या वर्षी बरेच जण मारायचे, आणि आम्हाला वाटायचं लोक उगाच त्रास देतात.

एक काम मात्र उरलं होतं. बाराशेच्या खर्चातून वाचलेल्या पैशांत मी लाल चकाकी टेपचा एक रोल घेतला होता. ज्यांच्या ट्रॉल्या आमच्या गावातून कारखान्याला ऊस नेतात त्यांतल्या तिघांच्या मागच्या फळीला तो लावून दिला. एक जण म्हणाला, "पोरा, ऊस भरला की फळी झाकली जाते." खरं होतं. मग टेप खाली, चेसिसच्या आडव्या पट्टीला लावली. हेही मोजल्याशिवाय कळलं नसतं.

तर मित्रांनो, परीक्षेनंतरच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी मी हॉस्टेलच्या मागच्या पार्किंगमध्ये खडू, टेप आणि मल्टिमीटर घेऊन बसणार आहे. मेसच्या भिंतीवर ५ मीटरच्या रेघा मारायची परवानगी रेक्टर सरांनी दिली आहे. कार असो, बाइक असो, सरांची असो की पोरांची, आणून भिंतीसमोर उभी करा. पैसे लागणार नाहीत. फक्त १००/९० चे बल्ब बसवलेले असतील तर येताना होल्डरला एकदा वास घेऊन या.